वसिष्ठाची कक्षा कोणी पाहिली?

१/२४
सप्तर्षींच्या चौकोनाला जोडून असलेल्या तीन ताऱ्यांपैकी मधला तो वसिष्ठ, आणि त्याला बिलगून दिसणारा मंद ठिपका ती अरुंधती. आजचा धागा प्रामुख्याने वसिष्ठाविषयी आहे. हा तारा एक नसून दोन आहेत आणि ते एकमेकांभोवती फिरतात, हे १८८९ मध्ये जाहीर झाले. तोवर ही जोडी कोणीही दुर्बिणीतून वेगळी पाहिली नव्हती. ती मोजली गेली होती. त्या मोजणीची ही हकिकत आहे, आणि मोजणाऱ्यांना आपण जे श्रेय नाकारतो त्याविषयीचे माझे मतही.

२/२४
वसिष्ठाविषयी समाजमाध्यमांवर दोन कथा फिरतात. पहिली अशी : वसिष्ठ आणि अरुंधती परस्परांभोवती फिरतात हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणूनच नवदांपत्याला ते दाखवतात. दुसरी अशी : हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने हाताखालच्या तरुणीचा शोध चोरला. दोन्ही कथा वाचताना ऊर भरून येतो किंवा रक्त उसळते. परंतु दोघींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. शोध म्हणजे कोणा एकाला एका क्षणी घडलेले दर्शन, असे दोघीही गृहीत धरतात. कक्षेच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे.

३/२४
आधी जोड्यांचा घोळ सोडवू. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातील कोनीय अंतर सुमारे १२ कलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक. ही जोडी नुसत्या डोळ्यांना दिसते. दुर्बिणीतून पाहिले तर खुद्द वसिष्ठाच्या जागी दोन तारे दिसतात, त्यांच्यात सुमारे १४ विकलांचे अंतर. गॅलिलिओ यांचे शिष्य कास्तेल्ली यांनी १६१७ मध्येच हे ओळखले होते. या दोन ताऱ्यांपैकी जो तेजस्वी, तोही पुन्हा दुहेरी. आपला विषय ही तिसरी, सर्वांत आतली जोडी.

४/२४
ताऱ्यांची जोडी खरोखर परस्परांभोवती फिरते, हे दाखवण्याची जुनी रीत म्हणजे वाट पाहणे. विल्यम हर्शेल यांनी वर्षानुवर्षे जोडताऱ्यांच्या जागा टिपल्या आणि १८०३ मध्ये मिथुन राशीतील कॅस्टरसारख्या जोड्या फिरत असल्याचे दाखवून दिले. १८२७ मध्ये फेलिक्स सावारी यांनी पहिल्यांदा अशा एका जोडीची कक्षा गणिताने काढली. ती जोडीही सप्तर्षींच्या तारकासमूहातीलच. तिच्या एका फेरीला सुमारे ६० वर्षे लागतात. म्हणजे दुर्बिणीला वेगळे दिसण्याइतके तारे दूर असावे लागत, आणि दूर असले की एक फेरी पाहायला आयुष्य अपुरे पडे.

५/२४
जवळच्या जोड्यांना हात घालण्याची वाट १८४२ मध्ये प्राग येथे उघडली. ख्रिस्तियान डॉप्लर यांचा तो विख्यात निबंध मुळात होता जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयी! तारा जवळ येत असेल तर त्याचा प्रकाश निळसर व दूर जात असेल तर तांबूस दिसावा, आणि जोडताऱ्यांचे रंग त्यामुळेच, असे त्यांचे म्हणणे. रंगांचा हा खुलासा चुकीचा निघाला, कारण ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो. तत्त्व मात्र खरे ठरले. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बालॉट यांनी धावत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत ते पडताळले.

६/२४
रंग नव्हे, तर वर्णपटातील रेषा पाहाव्यात, हा नेमका मुद्दा १८४८ मध्ये फिझो यांनी मांडला. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की रंगांच्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेषा उमटतात. ताऱ्याच्या वातावरणातील मूलद्रव्यांनी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतल्याच्या त्या खुणा. ताऱ्याची गती या रेषांना किंचित जांभळ्या किंवा किंचित तांबड्या बाजूला सरकवते. फुटपट्टीवरील आकड्यांसारख्या त्या उपयोगी पडतात : रेषा किती सरकली ते मोजा, म्हणजे तारा आपल्या रोखाने किती वेगाने येतो वा जातो ते कळते.

७/२४
सांगायला सोपे, करायला महाकठीण. १८६८ मध्ये विल्यम हगिन्स यांनी डोळ्याने रेषा पाहून व्याधाचा वेग काढला : सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, आपल्यापासून दूर. प्रत्यक्षात व्याध काही किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येत आहे. हगिन्स अत्यंत कुशल निरीक्षक होते. तरी थरथरणाऱ्या प्रकाशात, थकल्या डोळ्यांनी, केसाहून बारीक सरकणे जोखायचे म्हणजे दिशासुद्धा चुकू शकते. त्यावर उतारा होता छायाचित्रणाचा. काचेवर उमटलेली रेषा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहता येते, दुसऱ्याला दाखवता येते, दहा वर्षांनी नव्याने मोजता येते.

८/२४
अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे छायाचित्र रेषांसह टिपले. १८८२ मध्ये ते अकाली वारले. त्यांच्या पत्नी ॲना पामर ड्रेपर यांनी १८८६ पासून हार्वर्ड वेधशाळेला निधी दिला आणि ताऱ्यांच्या वर्णपटांची नोंद करण्याचे प्रचंड काम सुरू झाले. संचालक होते एडवर्ड पिकरिंग. त्यांनी ड्रेपर यांच्या ११ इंची दुर्बिणीच्या तोंडावरच मोठे लोलक बसवले. त्यामुळे प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी वर्णपट होऊनच काचेवर उतरे.

९/२४
रात्री काचा उतरवायच्या आणि दिवसा त्या वाचायच्या. हे दुसरे काम करणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. त्यांचा हुद्दा ‘गणक’, मोबदला ताशी २५ ते ५० सेंट. त्यांच्यात १८८८ मध्ये दाखल झाल्या अँटोनिया मॉरी. हेन्री ड्रेपर त्यांचे मामा. व्हॅसर महाविद्यालयात मारिया मिचेल यांच्या हाताखाली खगोलशास्त्र शिकून त्या १८८७ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. त्यांच्याकडे काम आले उत्तरेकडील तेजस्वी ताऱ्यांचे. भिंगाखाली काच धरायची, रेषा न् रेषा तपासायची आणि टिपून ठेवायची.

१०/२४
१८८७ च्या मार्चमधील वसिष्ठाच्या एका काचेवर पिकरिंग यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. कॅल्शियमची ‘के’ नावाची रेषा एकेरी असायला हवी, ती तिथे दुहेरी होती. इतर रात्रींच्या काचांवर तीच रेषा एकेरी, कुठे धूसर. काचेचा दोष? हवेची थरथर? एका काचेवरून याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते. त्यासाठी साऱ्या काचा तारखेनुसार मांडून प्रत्येकीवर ती रेषा कशी आहे हे ठरवावे लागणार होते. ते बारकाईचे काम मॉरी यांनी केले.

११/२४
त्या मांडणीतून जे उलगडले ते असे. एकाच ठिपक्यात जवळजवळ सारखे दोन तारे दडले आहेत. एक आपल्याकडे येत असताना दुसरा दूर जातो, तेव्हा एकाची रेषा जांभळ्या बाजूला व दुसऱ्याची तांबड्या बाजूला सरकते आणि रेषा दुभंगते. दोघे आपल्या दृष्टिरेषेला आडवे जात असतील तेव्हा दोन्ही रेषा एकमेकींवर येतात आणि एकच दिसते. दुभंग, मीलन, पुन्हा दुभंग असा हा क्रम चालतो. एका फेरीत रेषा दोनदा दुभंगते. दुभंगाची रुंदी म्हणजे दोघांचा सापेक्ष वेग, आणि क्रमाचा ताल म्हणजे कक्षेचा काळ.

१२/२४
इथे उपकरणाची एक मर्यादा वरदान ठरली. दुर्बिणीच्या तोंडावर लोलक असला की ताऱ्याच्या वर्णपटाशेजारी प्रयोगशाळेतील ज्योतीचा तुलना-वर्णपट घेता येत नाही. त्यामुळे रेषा मूळ जागेपासून किती सरकली हे सांगता येत नाही. मात्र जोडीतल्या दोन्ही ताऱ्यांच्या रेषा उमटत असतील, तर त्या परस्परांपासून किती दूर आहेत हे नेमके मोजता येते. दोन तारे हीच एकमेकांची फुटपट्टी. पृथ्वीच्या स्वतःच्या गतीची वजावटही करावी लागत नाही, कारण ती दोन्ही रेषांना सारखीच सरकवते.

१३/२४
त्याच काळात जर्मनीतील पॉट्सडाम येथे हेर्मान फोगेल दुसऱ्या बाजूने त्याच दाराशी पोचले होते. त्यांच्या उपकरणात फट होती आणि तुलना-वर्णपटही होता. त्यांनी निवडला ययाती तारकासमूहातील अल्गोल. हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. हा आवर्तकाल इंग्लंडमधील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८३ मध्ये काढला होता आणि एखादा काळोखा सोबती मध्ये येत असावा, अशी शक्यताही सुचवली होती. गुडरिक २१ व्या वर्षी वारला. त्याची सूचना शतकभर सूचनाच राहिली.

१४/२४
फोगेल यांना अल्गोलमध्ये एकाच ताऱ्याच्या रेषा दिसत होत्या, पण त्या मागेपुढे झुलत होत्या. मंदावण्यापूर्वी तारा सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर वेगाने दूर जातो, मंदावून गेल्यावर तितक्याच वेगाने जवळ येतो. सोबती आड येत असेल तर नेमके हेच घडायला हवे. सोबती दिसला नाही, त्याची ओढ मात्र मोजली गेली. पिकरिंग यांनी वसिष्ठाची आणि फोगेल यांनी अल्गोलची वार्ता १८८९ च्या एकाच नोव्हेंबर महिन्यात जाहीर केली. पुढच्याच वर्षी फोगेल यांनी आपल्या चित्रा नक्षत्राचा तेजस्वी ताराही असाच जोडतारा असल्याचे दाखवले.

१५/२४
आता पिकरिंग यांचा हिशेब पाहू. वसिष्ठाच्या रेषा ५२ दिवसांनी दुभंगतात असे त्यांना वाटले. म्हणजे पूर्ण फेरी १०४ दिवसांची. सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे १६० किलोमीटर. वेगाला काळाने गुणले की कक्षेचा परीघ येतो, आणि कक्षा वर्तुळ मानली तर त्यावरून दोन ताऱ्यांमधील अंतर निघते सुमारे २३ कोटी किलोमीटर. अंतर आणि काळ हाती आले की केप्लर यांच्या तिसऱ्या नियमाने वस्तुमान मिळते. उत्तर आले : दोघे मिळून सूर्याच्या सुमारे ४० पट. ताऱ्याला न पाहता त्याचे वजन केले गेले!

१६/२४
आणि ते चुकले. १९०१ मध्ये फोगेल यांनी फेरीचा काळ सुमारे साडेवीस दिवसांचा असल्याचे दाखवले. चूक कशी झाली असावी, हे आठवडी बाजाराच्या उदाहरणाने कळेल. एखादा पाहुणा दर १४ दिवसांनी गावात येतो आणि प्रत्येक खेपेस त्याला बाजार भरलेला दिसतो. बाजार पंधरवड्याने भरतो असे तो लिहून ठेवील, कारण मधला बाजार त्याने पाहिलेलाच नसतो. निरीक्षणांत खंड असला की जलद ताल संथ भासतो. त्यात वसिष्ठाची कक्षा चांगलीच लांबट असल्याने तारे जवळ येतात तेव्हा रेषा झपाट्याने दुभंगतात आणि बाकीचा वेळ कमी अंतरावर रेंगाळतात. सरळ तालाची अपेक्षा करणारा तिथे हमखास फसतो.

१७/२४
काळ पाचपटीने कमी झाला की त्याच वेगासाठी वस्तुमानही पाचपटीने कमी होते : ४० चे झाले ८. कक्षेचा लांबटपणा हिशेबात घेतला की ते आणखी उतरते. आजचा अंदाज दोघे मिळून सूर्याच्या पाचपटीच्या आसपास, म्हणजे प्रत्येक तारा सूर्याच्या दुपटीहून थोडा जड. कक्षा आपल्याकडे किती कलली आहे हे वर्णपट एकटा सांगू शकत नाही. ती उणीव विसाव्या शतकात व्यतिकरणमापकाने भरून काढली. त्याने हे दोन तारे अखेर वेगवेगळे दाखवले, आणि ते नेमके वर्णपटाने सांगितलेल्या तालावर फिरताना आढळले.

१८/२४
पहिल्या कथेला माझे उत्तर इथे आहे. पिकरिंग यांचे विधान चुकू शकले, कारण त्यात आकडा होता. ‘१०४ दिवस’ म्हटले म्हणून कोणीतरी ‘साडेवीस’ म्हणू शकले. ‘पूर्वजांना ठाऊक होते’ या वाक्यात ना काळ आहे, ना वेग, ना मोजणीची रीत. म्हणून ते चूक ठरवता येत नाही, आणि बरोबरही ठरवता येत नाही. अरुंधती वसिष्ठाभोवती फिरत असेलच, तर एका फेरीला लक्षावधी वर्षे लागावीत. ती फेरी आजही कोणी मोजलेली नाही. ज्यांच्या नावावर हे श्रेय खपवले जाते त्यांनी असा दावा केल्याचा आधारही हे संदेश कधी देत नाहीत.

१९/२४
परंपरेचा खरा ठेवा वेगळाच आहे. तिला ‘स्थूलारुंधती न्याय’ म्हणतात. अरुंधती बारीक, चटकन दिसत नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, तोच अरुंधती म्हणायचे, आणि तिथे नजर ठरल्यावर ‘ही नव्हे, तिच्या जवळची ती’ असे सांगत सूक्ष्माकडे न्यायचे. शिकवण्याची ही रीत फार समंजस आहे, कारण पहिले उत्तर हे पायरी आहे, मुक्काम नव्हे, हे ती जाणते. १०४ दिवसांवरून साडेवीस दिवसांवर येणे याच जातीचे. परंपरेला नसलेला शोध चिकटवून आपण तिची असलेली शहाणीव झाकून टाकतो.

२०/२४
आता दुसरी कथा. पिकरिंग यांनी मॉरी यांचे काम चोरले का? वसिष्ठावरील निबंधात पिकरिंग यांनी मॉरी यांच्या बारकाईच्या अभ्यासाचा नावानिशी उल्लेख केला आहे. त्याच सुमारास मॉरी यांनी सारथी तारकासमूहातील, ब्रह्महृदयाजवळच्या, मेनकालिनन या ताऱ्याच्या रेषाही दुभंगताना पकडल्या. तिथे फेरी जेमतेम चार दिवसांची, रेषांचे रूप एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत पालटते. हा शोध त्यांच्याच नावे नोंदला गेला. तेव्हा ‘चोरी’ हा शब्द पुराव्याला धरून नाही. पण म्हणून सारे आलबेल होते, असेही नाही.

२१/२४
१८९२ मध्ये मॉरी यांनी पिकरिंग यांना स्पष्ट लिहिले की वर्णपटांच्या परस्परसंबंधाची मांडणी आपण विचारपूर्वक उभारली आहे, तिचे पूर्ण श्रेय आपल्याला मिळावे. १८९७ मध्ये ६८१ ताऱ्यांची त्यांची सूची त्यांच्या नावाने निघाली. रेषांची जाडी व तीक्ष्णता पाहून त्यांनी तारे अ, ब, क अशा गटांत विभागले होते. वेधशाळेला ती किचकट विभागणी नको होती, पुढच्या सूचींतून ती गळाली. १९०५ मध्ये हर्ट्झस्प्रुंग यांना त्याच तिसऱ्या गटात महाकाय तारे सापडले. हा भेद सोडून देणे म्हणजे देवमासा आणि मासा यांतला फरक कळूनही दोघांना एकाच वर्गात कोंबण्यासारखे आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी पिकरिंग यांना धाडले.

२२/२४
माझे मत असे. अन्याय नाव गाळण्यात नव्हता, तो ‘गणक’ या शब्दात होता. दुर्बीण कोणी उभारली, निधी कोणी आणला, लोलक कोणी बसवले, याचे मोल मोठेच आहे, आणि ते पिकरिंग यांच्या पदरी निःसंशय पडते. दुभंगलेली रेषाही प्रथम त्यांनीच पाहिली. परंतु एक दुभंगलेली रेषा म्हणजे जोडतारा नव्हे. जोडतारा उभा राहतो तो काचांच्या क्रमात. क्रम लावणे हेच इथे निरीक्षण. ज्या कामाला वेधशाळा निरीक्षणानंतरची हिशेबनिशी समजत होती, तेच निरीक्षण होते. ही गोष्ट न समजता केवळ खलनायक शोधला, तर आपणही त्या कामाला दुय्यमच ठरवतो.

२३/२४
क्रमासाठी सातत्य लागते, आणि सातत्यासाठी संस्था. याच काळात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथे ग्रब यांनी घडवलेली २० इंची परावर्तक दुर्बीण होती, वर्णपटदर्शकही होते. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद होऊन उपकरणे कोडाईकनालला गेली. हार्वर्डचे संचालक बदलले, गणक बदलले, पण काचा तिथेच राहिल्या. आज त्या संग्रहात सुमारे पाच लाख काचा आहेत. बुद्धी इथेही होती, दुर्बीणही होती. एका माणसानंतर काम चालू ठेवणारी व्यवस्था नव्हती. अभिमानाच्या संदेशांत हे कधी येत नाही, आणि खरे तर यायला हवे ते हेच.

२४/२४
हीच पद्धत पुढे कुठवर गेली? हंस तारकासमूहातील एका निळ्या ताऱ्याच्या ५.६ दिवसांच्या झोक्यांवरून १९७० च्या दशकाच्या आरंभी अदृश्य सोबत्याचे वस्तुमान काढता आले आणि कृष्णविवर पहिल्यांदा पटण्याजोगे हाती लागले. १९९५ मध्ये मायोर आणि केलोझ यांनी एका सूर्यासारख्या ताऱ्याचा सेकंदाला पन्नास-साठ मीटरचा डुलता वेग मोजून त्याभोवतीचा ग्रह ओळखला, त्यासाठी २०१९ चे नोबेल मिळाले. इकडे वसिष्ठाच्या दुर्बिणीत दिसणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याच्या रेषाही झुलतात हे १९०८ मध्ये कळले, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही मंद सोबती असल्याचे आढळले. दोन ठिपक्यांचे सहा तारे झाले. मॉरी यांना अमेरिकन खगोलसंघाचा ॲनी जंप कॅनन पुरस्कार मिळाला १९४३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी. पुढच्या वेळी वसिष्ठाविषयीचा संदेश आपल्या हाती आला, की पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारा : फेरी किती दिवसांची, आणि ते दिवस मोजले कोणी?